निवडलेला शेवट आणि खोडलेले शेवट : 'द विचर ४' या आगामी खेळाच्या निमित्ताने

प्रस्तुत लेखाचा विषय अद्याप प्रसिद्ध न झालेली कलाकृती हा आहे. समीक्षेच्या दृष्टीने ही अडचणीची बाब आहे, याची प्रस्तुत लेखकास जाणीव आहे. जी संहिता हाती आलेली नाही तिचे मूल्यमापन करता येत नाही, हे उघडच आहे. परंतु एखाद्या कथामालिकेचा पुढील भाग घोषित होतो, तेव्हा केवळ त्या घोषणेनेच आधीच्या भागांच्या अर्थात फरक पडत असेल, तर तो फरक तपासण्यासाठी प्रसिद्धीची वाट पाहण्याचे कारण नाही. पोलंडमधील 'सीडी प्रोजेक्ट रेड' या संस्थेच्या 'द विचर ४' या खेळाच्या बाबतीत नेमके असेच घडले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या खेळाची पूर्ण क्षमतेने निर्मिती नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्याचे संस्थेने जाहीर केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याची सुमारे सहा मिनिटांची चित्रफीत प्रथम दाखविण्यात आली. २०२६ संपण्यापूर्वी तो बाजारात येणार नाही, असे संस्थेने २०२५ च्या मार्चमध्ये स्पष्ट केले. म्हणजे अभ्यासकाच्या हाती आहेत ती एक चित्रफीत, जून २०२५ मध्ये दाखविलेले एक तांत्रिक प्रात्यक्षिक, आणि मागे उभा असलेला 'द विचर ३' हा मे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला, सहा कोटींहून अधिक प्रती खपलेला खेळ.

संगणकीय खेळ हा आपल्या महाविद्यालयीन अभ्यासविश्वात फारसा प्रतिष्ठित विषय नाही. म्हणून थोडी पूर्वपीठिका सांगणे आवश्यक वाटते. 'विचर'चे मूळ साहित्यात आहे. आंद्रेझ सापकोव्स्की या पोलिश लेखकाची पहिली 'विचर' कथा 'फांतास्तिका' या मासिकात १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे कथासंग्रह आले आणि १९९४ ते १९९९ या काळात पाच कादंबऱ्यांची मालिका पूर्ण झाली. 'विचर' म्हणजे मोबदला घेऊन राक्षसांचा नाश करणारा व्यावसायिक. लहानपणीच विषारी अर्क पाजून त्याचे शरीर बदललेले असते. गेराल्ट हा असा एक विचर, आणि सिरी ही त्याने मुलीसारखी सांभाळलेली राजकन्या. या कथांवरील पहिला खेळ २००७ मध्ये व दुसरा २०११ मध्ये आला. त्याच वर्षी पोलंडच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना भेट म्हणून हा दुसरा खेळ दिला होता. एखाद्या राष्ट्राने आपल्या संस्कृतीची खूण म्हणून पाहुण्याच्या हाती खेळ ठेवावा, ही घटना या माध्यमाकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांनी विचारात घ्यावी अशी आहे.

'द विचर ३' हा खुल्या विश्वाचा, म्हणजे ज्याला 'ओपन वर्ल्ड' म्हणतात त्या प्रकारचा भूमिकाप्रधान खेळ आहे. खेळाडूला एक विस्तीर्ण प्रदेश दिलेला असतो. कुठे जायचे, कोणाचे काम हाती घ्यायचे, कोणते टाळायचे, हे तो ठरवितो. या प्रकारावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप या खेळावरही घेतला गेला. हरवलेल्या मुलीचा जिवाच्या आकांताने शोध घेणारा बाप वाटेत पत्ते खेळत बसतो आणि घोड्यांच्या शर्यती लावतो, हे कसे? आक्षेप खोटा नाही. परंतु त्याचे उत्तर खेळाच्या शेवटात आहे आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहे.

सिरीचे पुढे काय होणार हे राक्षसांशी केलेल्या युद्धावर ठरत नाही. ते ठरते साध्या वाटणाऱ्या पाच प्रसंगांवर. ती खचलेली असताना गेराल्ट तिला दारू पिण्यास बसवितो, की तिच्याबरोबर बर्फाचे गोळे फेकून खेळतो? चेटकिणींच्या मंडळापुढे तिला एकटीने जाऊ देतो, की स्वतः बरोबर जातो? संतापाच्या भरात ती अव्हालाख या ऋषितुल्य एल्फची प्रयोगशाळा फोडू लागते, तेव्हा तिला आवरतो, की फोडू देतो? तिला मदत करून प्राणास मुकलेल्या तरुणाच्या दफनस्थळी तिला नेतो की नाही? आणि सम्राट एम्हिर, जो तिचा जन्मदाता पिता आहे, त्याच्याकडे तिला नेऊन पैसे स्वीकारतो का? या उत्तरांच्या बेरजेवर, आणि काही अंशी राजकीय घडामोडींवर, तीन शेवटांपैकी एक मिळतो. सिरी परत येत नाही. किंवा सम्राज्ञी होते. किंवा विचर होऊन गेराल्टबरोबर वाटेला लागते.

यातले विशेष असे की हे पाच प्रसंग महत्त्वाचे आहेत, याची कोणतीही सूचना खेळाडूला मिळत नाही. वाटेत पत्ते खेळत बसलेल्या बापाची परीक्षा त्याच्या नकळत, अशाच रिकाम्या वाटणाऱ्या क्षणी होत असते. मुलीला स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ देणारा पालक तिला वाचवितो आणि काळजीपोटी प्रत्येक दार स्वतः उघडणारा पालक तिला गमावितो, अशी या खेळाची भूमिका आहे. खुल्या विश्वाचे स्वातंत्र्य आणि कथेचा आशय यांची अशी सांगड या प्रकारात क्वचितच घातली गेली असेल.

'द विचर ४' ची नायिका सिरी आहे, आणि ती विचर आहे. डिसेंबर २०२४ च्या चित्रफितीने एवढे निश्चित केले. त्याच क्षणी वरील तीन शेवटांपैकी एक अधिकृत ठरला. ज्यांची सिरी परतलीच नव्हती आणि ज्यांची सिरी सिंहासनावर बसली होती, त्यांच्या शेवटांचे आता काय? पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या वाचकास येथे स्वीकृत पाठ आणि पाठभेद हा भेद आठवेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीत स्वीकृत पाठ वर छापला गेला. परंतु नाकारलेले पाठ नष्ट झाले नाहीत; त्याच पानाच्या तळाशी बारीक टाइपात ते आजही वाचता येतात. खेळांच्या मालिकेत नाकारलेल्या पाठांसाठी पानाचा तळ असतो का, हा खरा प्रश्न आहे.

तसा एक तळ पूर्वी होता. दुसऱ्या खेळातील निर्णय तिसऱ्यात आणण्याची सोय होती. ज्यांनी जुना खेळ खेळलेला नव्हता, त्यांच्यासाठीही एक युक्ती होती. सम्राटाच्या भेटीसाठी गेराल्टची दाढी केली जात असताना एक सेनानी त्याला मागील घटनांविषयी प्रश्न विचारतो आणि खेळाडू देईल ती उत्तरे त्या विश्वाचा इतिहास ठरतात. ही कल्पना सुंदर होती, यात शंका नाही. परंतु तेथे प्रश्न दुय्यम पात्रांचे होते. आता प्रश्न प्रत्यक्ष नायिकेचा आहे, आणि दाढी करता करता तो सुटणारा नाही.

हे म्हणत असताना एक विरोधाभासही नोंदविला पाहिजे. खेळाडूंच्या शेवटांवर रेघ मारली जात आहे अशी तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, खेळांची ही मालिका मुळात दुसऱ्याच्या शेवटावर रेघ मारूनच सुरू झाली. सापकोव्स्कींच्या अखेरच्या कादंबरीत गेराल्ट दंगलीत काट्याने भोसकला जातो आणि सिरी त्याला नावेतून दूर घेऊन जाते. तो जगला की मेला, हे लेखकाने धूसर ठेवले. पहिल्या खेळाने ती धूसरता पुसून टाकली आणि स्मृती गमावलेला गेराल्ट जिवंत उभा केला. लेखकाने खेळांना आपल्या कथेचा पुढील भाग कधी मानले नाही. मोबदल्यावरून २०१८ मध्ये त्याने संस्थेकडे सहा कोटी झ्वॉटींची मागणी केली आणि २०१९ च्या अखेरीस दोघांत नवा करार झाला. पैशाचा हिशेब अशा रीतीने मिटला, तरी धूसर शेवटाचा हिशेब मिटणारा नव्हता.

सिरी विचर झाली यावरून जो वाद उठला, त्यातील बराचसा भाग स्त्री विचर होऊ शकते का, या मुद्द्यावर खर्ची पडला. तो वाद प्रस्तुत लेखकास फारसा फलदायी वाटत नाही. अधिक गंभीर बाब वेगळी आहे. कादंबऱ्यांत सिरीने विचरांच्या गडावर शस्त्रविद्या घेतली, पण 'ट्रायल ऑफ द ग्रासेस' नावाची शरीर बदलणारी जीवघेणी परीक्षा तिने दिलेली नव्हती. नव्या खेळात ती त्यातून गेलेली आहे, असे निर्मात्यांनी सांगितले आहे. चित्रफितीत तिचे डोळे मांजरासारखे झालेले दिसतात. आता मूळ कथेचे सूत्र आठवावे. सिरीच्या अंगात प्राचीन रक्ताचा वारसा आहे आणि राजे, जादूगार, एल्फ या सर्वांना ती हवी आहे ती मुख्यतः तिच्या पोटी जन्मणाऱ्या अपत्यासाठी. तिच्या गर्भाशयावर हक्क सांगणाऱ्या पुरुषांपासून पळणारी मुलगी, असे या महाकादंबरीचे वर्णन केले तर ते अतिशयोक्त होणार नाही. आणि विचर हे वंध्य असतात. म्हणजे ही परीक्षा सिरीने स्वेच्छेने दिली असेल, तर तिने तो वारसा आपल्या देहातच संपविला आणि सर्व दावेदारांना एका घोटात निरुत्तर केले. ती तिच्यावर लादली गेली असेल, तर जुन्या दावेदारांत आणखी एकाची भर पडली. या दोन शक्यतांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. खेळाने केवळ नायिकेला सामर्थ्य देण्यासाठी हा बदल केला असेल आणि त्याची किंमत कथेत मोजली नसेल, तर ती गंभीर वाङ्मयीन चूक ठरेल.

चित्रफितीतून मात्र काही आशा वाटते. एका दुर्गम गावात राक्षसाला देव मानून त्याला मुली अर्पण करण्याची रीत आहे. बळी म्हणून निवडलेल्या मुलीला सिरी परत पाठविते, स्वतः राक्षसाशी लढते आणि त्याला मारते. 'बाउक' नावाचा हा राक्षस सर्बियन लोकश्रद्धेतून आलेला आहे. सिरी गावात परतते, तेव्हा ती मुलगी मेलेली असते. गावकऱ्यांनीच तिला मारलेले असते. राक्षस मारता येतो, त्याच्याभोवती जमलेली भीती तशी मारता येत नाही. सापकोव्स्कींच्या 'लेसर ईव्हिल' या कथेत गेराल्ट मोठा अनर्थ टाळण्यासाठी तलवार उपसतो आणि खाटीक म्हणून बदनाम होतो, ते येथे सहज आठवते. 'द विचर ३' मधील वेलेनच्या बॅरनचे प्रकरणही याच जातीचे आहे. टेकडीतील आत्म्याला मुक्त केले तर दलदलीतील अनाथ मुले वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होते, बॅरनची पत्नी मरते आणि तो गळफास घेतो. आत्म्याला मारले तर बॅरन जगतो, मुले मात्र जात नाहीत ना, असे वाटेपर्यंत गेलेली असतात. निवड करताना यातले काहीच ठाऊक नसते.

तांत्रिक प्रात्यक्षिकाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. उत्तरेकडील कोव्हिर या राज्यातील एका बंदराच्या गावाचा बाजार त्यात दाखविला आणि तेथे एकाच वेळी तीनशे माणसे हालचाल करताना दिसली. हा प्रत्यक्ष खेळ नव्हे, असे संस्थेनेच बजावले होते. याच संस्थेचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये इतक्या सदोष अवस्थेत आला की सोनीने तो आपल्या दुकानातून काही महिने काढून टाकला होता. तेव्हा प्रात्यक्षिकांवर विसंबू नये, हेच बरे. शिवाय बाजारात तीनशे माणसे असणे आणि त्यांतील एकाच्या दारी खेळाडूने केलेल्या कृतीचा परिणाम पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटी पुन्हा त्या पाच प्रसंगांकडे यावे लागते. तिसऱ्या खेळाने खेळाडूला बापाच्या जागी बसविले आणि मुलीला तिचे निर्णय तिला घेऊ दे, असे शिकविले. चौथा खेळ त्याच मुलीचे सर्व निर्णय खेळाडूच्या हाती देणार आहे. तिसऱ्या खेळातही मधूनमधून काही काळ सिरी होऊन खेळता येत असे, परंतु ते भाग आखीव होते. तेथे खेळाडूला भटकण्याची मुभा नव्हती. जणू काही तिचे आयुष्य आधीच घडून गेलेले होते आणि आपण ते फक्त पाहत होतो. आता संपूर्ण खुले विश्व तिच्या पायाशी असेल. या सिरीला कोणी दाढी करता करता प्रश्न विचारणार नाही, हे खरे. परंतु तिच्या बापाने तिला एकदा चेटकिणींपुढे एकटे जाऊ दिले होते की नव्हते, हे तिला आठवते का, एवढे जरी खेळाने कोठेतरी विचारले, तरी खोडलेल्या शेवटांपैकी काही पानाच्या तळाशी शिल्लक राहतील.