पराभूत नायकाचा ग्रंथ : मॅकियाव्हेलीच्या ‘प्रिन्स’कडे पुन्हा पाहताना

काही लेखकांच्या नावांची विशेषणे होतात आणि मग त्यांची पुस्तके वाचण्याची गरज कोणाला वाटेनाशी होते. निकोलो मॅकियाव्हेली हे त्याचे ठळक उदाहरण. ‘मॅकियाव्हेलियन’ म्हणजे कपटी, पाताळयंत्री हा अर्थ आता इतका रुळला आहे, की आपल्याकडे ‘युरोपचा चाणक्य’ एवढे म्हटले की त्याचा परिचय संपतो. साध्य चांगले असले की कोणतेही साधन चालते, हे सूत्र त्याच्या नावावर सर्रास खपवले जाते. ‘द प्रिन्स’मध्ये ते या रूपात कोठेही नाही. अठराव्या प्रकरणात तो म्हणतो ते असे : राजाच्या कृत्यांवर दाद मागायला वरचे न्यायालय नसते, त्यामुळे लोक अखेर परिणामाकडे पाहतात. या विधानात राजाला सवलत आहे, हे खरे. पण हा नीतीचा सिद्धांत नाही. लोक सत्तेकडे कसे पाहतात याचे ते निरीक्षण आहे.

चाणक्याशी केलेली तुलनाही फार दूर नेत नाही. मॅक्स वेबरने १९१९ मधल्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात ‘अर्थशास्त्रा’च्या तुलनेत ‘प्रिन्स’ला निरुपद्रवी ठरवले होते. क्रौर्याच्या मापाने ते बरोबरही असेल. पण कौटिल्याचा राजा स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र या सप्तांगांच्या मांडणीत बसलेला आहे. त्याच्या राजेपणाला परंपरेचा आधार आहे. मॅकियाव्हेलीला खरे कुतूहल आहे ते नव्या राजाविषयी. त्याच्यामागे वंश नाही, जुनी निष्ठा नाही, सवयीने मान झुकवणारी प्रजा नाही. कालपर्यंत ज्याच्याकडे काहीच नव्हते, त्याची सत्ता कशावर उभी राहणार? ‘प्रिन्स’च्या सव्वीसही प्रकरणांखालून हा एकच प्रश्न वाहतो.

या ग्रंथाचे अर्थ लावणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. रूसोला तो राजांना शिकवण्याचा बहाणा करून जनतेला सावध करणारा ग्रंथ वाटला. ग्राम्शीने त्यात सत्तेची विद्या परंपरेने न मिळालेल्या वर्गाला दिलेले शिक्षण पाहिले. लिओ स्ट्राउसने मॅकियाव्हेलीला दुष्टतेचा शिक्षक म्हणण्यात संकोच केला नाही. आयझाया बर्लिनच्या मते तो दोन परस्परविरोधी नीतिव्यवस्था समोरासमोर उभ्या करतो आणि त्यांतली एक निवडायला भाग पाडतो. या सगळ्या वाचनांत वाद आहे तो मुख्यतः लेखकाच्या हेतूचा आणि नीतीचा. त्यामुळे एक साधी गोष्ट मागे पडते. या पुस्तकाचा आदर्श पुरुष सेझारे बोर्जा हा हरलेला माणूस आहे. मॅकियाव्हेलीने ‘प्रिन्स’ लिहायला घेतले तेव्हा बोर्जाचे राज्य बुडून दहा वर्षे झाली होती आणि स्वतः बोर्जाला मरूनही सहा वर्षे. यशाची विद्या शिकवू पाहणारा लेखक अपयशी माणसाला नमुना म्हणून का उभा करतो?

*

मॅकियाव्हेलीने बोर्जाला जवळून पाहिले होते. १४९४ मध्ये मेडिची घराणे फ्लॉरेन्समधून हाकलले गेले. त्यानंतर शहरावर प्रभाव गाजवणाऱ्या साव्होनारोला या संन्याशाला १४९८ च्या मे महिन्यात फाशी देऊन जाळण्यात आले. पाठोपाठ २९ वर्षांचा मॅकियाव्हेली प्रजासत्ताकाच्या कारभारात सचिव झाला. १५०२ मध्ये त्याला वकील म्हणून बोर्जाच्या दरबारी पाठवण्यात आले. बोर्जा पोप अलेक्झांडर सहावा याचा मुलगा. बापाचे पद आणि फ्रान्सच्या राजाची फौज यांच्या बळावर तो रोमान्या प्रांतात नवे राज्य उभारत होता. त्या वर्षाच्या अखेरीस घडलेल्या दोन घटना मॅकियाव्हेली आयुष्यभर विसरला नाही.

पहिली चेझेना गावातली. रोमान्यात बेबंदशाही होती. ती मोडण्यासाठी बोर्जाने रामिरो दे लोर्का या कठोर माणसाला पूर्ण अधिकार दिले. त्याने धाक बसवला, पण लोकांचा द्वेषही ओढवून घेतला. मग बोर्जाने प्रांताच्या मध्यभागी न्यायालय स्थापन केले, प्रत्येक शहराला तिथे आपला वकील दिला, आणि नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रामिरोचे दोन तुकडे केलेले प्रेत चौकात पडलेले गावाने पाहिले. दुसरी घटना सेनिगालियातली. उलटलेल्या भाडोत्री सरदारांना बोर्जाने समेटाच्या बोलण्याने तिथे आणले आणि ३१ डिसेंबरला त्यांना पकडून त्यांतल्या दोघांचे त्याच रात्री गळे आवळले.

‘प्रिन्स’च्या सातव्या प्रकरणात या दोन्ही हकिकती येतात, आणि बहुतेक वाचकांच्या लक्षात राहतात त्याही याच. पण लेखकाने त्या कोणत्या क्रमात रचल्या आहेत ते पाहण्यासारखे आहे. बोर्जाला सत्ता मिळाली ती दैवाने आणि परक्या शस्त्रांनी. म्हणून इमारत आधी उभी राहिली आणि पाया मागाहून घालायची वेळ आली. फ्रेंच फौजेवरचे अवलंबित्व कमी करणे, भाडोत्री सरदार संपवून स्वतःचे सैन्य उभारणे, रोमान्याला न्याय आणि शांतता देऊन लोकांना आपलेसे करणे ही सगळी त्या मागाहून घातलेल्या पायाची कामे. १५०३ च्या ऑगस्टमध्ये पोप वारला आणि नेमका त्याच वेळी बोर्जाही मरणाच्या दारात होता. बाप गेल्यावर काय काय होईल याचा विचार त्याने करून ठेवला होता. त्या घडीला आपणच अंथरुणाला खिळलेले असू, एवढे मात्र त्याच्या मनात आले नव्हते. पुढे त्याने ज्युलियस दुसरा याला पोपपदी निवडून येऊ दिले. बोर्जाच्या बापाच्या काळात जवळजवळ दहा वर्षे हद्दपारीत काढलेल्या माणसाकडून त्याने कृतज्ञतेची अपेक्षा धरली. तिथे तो संपला.

मॅकियाव्हेलीने इथे दोन शब्दांचा खेळ मांडला आहे : फोर्तुना आणि व्हिर्तू. पहिला म्हणजे दैव. दुसऱ्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘व्हिर’ म्हणजे पुरुष आहे. आपला ‘वीर’ हा त्याचाच भाऊबंद. त्यामुळे या शब्दाला ‘सद्गुण’ म्हणण्यापेक्षा ‘पुरुषार्थ’ म्हणणे अधिक जवळचे. दैव आणि पुरुषार्थ यांचा वाद मराठी वाचकाला नवा नाही. पंचविसाव्या प्रकरणात लेखक म्हणतो, की दैव पूर आलेल्या नदीसारखे असते. पूर आल्यावर काही करता येत नाही, पण कोरड्या दिवसांत बांध घालता येतात. बोर्जाची कथा या दृष्टीने वाचली की तिचे महत्त्व कळते. त्याने बांध घालायला घेतले होते, पण पूर लवकर आला. मॅकियाव्हेली एक तपशील मुद्दाम नोंदवतो : सगळे कोसळत असतानाही रोमान्यातल्या लोकांनी महिनाभराहून अधिक काळ बोर्जाची वाट पाहिली. बापाचे पद गेले, फ्रेंचांची मदत आटली, आणि उरले ते न्यायालयाने कमावलेले लोकांचे मन.

म्हणून हरलेला माणूस इथे उदाहरण म्हणून अधिक उपयोगी आहे. यशस्वी माणसाच्या बाबतीत सत्ता कशावर उभी होती ते दिसत नाही, कारण ती उभीच असते. पडझडीत पाया उघडा पडतो.

*

पण याच प्रकरणात ग्रंथाची उणीवही आहे. रामिरोचे प्रेत पाहून लोक समाधानी झाले आणि थक्कही, असे मॅकियाव्हेली सांगतो. या दोन भावना तो एकत्र ठेवतो आणि पुढे जातो. न्यायालयाने मिळवलेले समाधान आणि प्रेताने बसलेला धक्का, यांतले टिकाऊ कोणते, हा प्रश्न तो विचारत नाही. नवव्या प्रकरणात तो सांगतो, की सरदारांपेक्षा लोकांच्या आधारावरची सत्ता अधिक सुरक्षित, कारण सरदारांना दडपायचे असते आणि लोकांना फक्त दडपले जायचे नसते. विसाव्यात, लोकांनी द्वेष न करणे हाच सर्वांत भक्कम किल्ला, असेही तो म्हणतो. लोक हाच पाया, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो. मात्र ‘प्रिन्स’मधले लोक चौकात उभे राहून पाहतात. ते समाधानी होतात, घाबरतात, वाट पाहतात. पण बोलत नाहीत.

या मौनाची किंमत मॅकियाव्हेलीने स्वतः मोजली होती. भाडोत्री सैन्याचा त्याला तिटकारा. पैशासाठी लढणारा पैशासाठी मरणार नाही, हा त्याचा साधा हिशेब. त्याच्या आग्रहावरून फ्लॉरेन्सने १५०६ मध्ये स्वतःचे सैन्य उभारले आणि १५०९ मध्ये पिसा परत मिळवण्यात त्या सैन्याचा वाटा होता. परंतु त्यात भरती झाली ती शहराभोवतीच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांची. शहरातल्या नागरिकांच्या हाती शस्त्रे द्यायला प्रतिष्ठित घराणी भीत होती. प्रजासत्ताकाचा प्रमुख सोदेरिनी त्या बळावर हुकूमशहा होईल, अशी त्यांना शंका. या शेतकऱ्यांना शिस्त लावण्यासाठी आणला तो डॉन मिकेलेत्तो, बोर्जासाठी गळे आवळणारा म्हणून कुप्रसिद्ध असलेला माणूस. चेझेनाच्या चौकातली शिकवण अशी फ्लॉरेन्सच्या कारभारात उतरली.

२९ ऑगस्ट १५१२ रोजी स्पॅनिश फौजेने प्रातो गावाच्या तटाला खिंडार पाडले आणि हे सैन्य पळाले. गाव लुटले गेले, प्रचंड कत्तल झाली. थोड्याच दिवसांत सोदेरिनी पदच्युत झाला आणि मेडिची परतले. नोव्हेंबरमध्ये मॅकियाव्हेलीची नोकरी गेली. पुढच्या फेब्रुवारीत कटाच्या संशयावरून अटक झाली आणि दोरीला टांगून त्याचा छळ करण्यात आला. मार्चमध्ये मेडिचींपैकीच एक जण पोप झाला, त्या आनंदात कैदी सोडले गेले, त्यांत तोही सुटला. सांत आंद्रेया या खेड्यातल्या वडिलोपार्जित घरी त्याच वर्षी त्याने ‘प्रिन्स’ लिहिले. १० डिसेंबरला फ्रान्चेस्को व्हेत्तोरी या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याचा पहिला उल्लेख येतो.

प्रातोचा धडा काय? अनुभव कमी पडला, नेतृत्व कमी पडले, ही कारणे आहेतच. पण ‘प्रिन्स’च्याच कसोटीवर एक कारण अधिक ठरते. बाराव्या-तेराव्या प्रकरणांत तो ‘स्वतःची शस्त्रे’ असा आग्रह धरतो. खेड्यातला शेतकरी फ्लॉरेन्सचा नागरिक नव्हता. ज्या प्रजासत्ताकासाठी त्याने प्राण द्यायचे, त्याच्या सभेत त्याला बसायला जागा नव्हती. ती शस्त्रे फ्लॉरेन्सची होती, पण हे फ्लॉरेन्स शस्त्र धरणाऱ्याचे नव्हते. या विषयावर ‘प्रिन्स’ गप्प आहे.

या मौनापलीकडे तो जातो तो ‘डिस्कोर्सेस’मध्ये, लिव्हीच्या रोमन इतिहासावरच्या आपल्या दीर्घ विवेचनात. सरदार आणि सामान्य जन यांच्या भांडणांमुळे रोम दुबळे झाले, असे जुने पंडित म्हणत. मॅकियाव्हेली उलट म्हणतो : त्या भांडणांतूनच रोमचे स्वातंत्र्य घडले, कारण त्यांतून लोकांना आपले प्रतिनिधी आणि कायदे मिळाले. पुढे तो असेही मांडतो, की कायद्याने बांधलेला जनसमुदाय राजापेक्षा अधिक शहाणा आणि स्थिर असतो. चेझेनाच्या चौकात स्तब्ध उभे असलेले लोक इथे तंटा करतात, आणि त्या तंट्यामुळेच राज्य त्यांचे होते. ‘प्रिन्स’ राजेशाहीचा आणि ‘डिस्कोर्सेस’ प्रजासत्ताकाचा ग्रंथ, अशी वाटणी नेहमी केली जाते. मला ती पटत नाही. सत्ता कशावर उभी असते, हा प्रश्न दोन्हींत एकच आहे. पहिल्यात उत्तर मिळते : लोकांवर. लोक पाया कधी होतात, हे दुसऱ्यात कळते : त्यांना राज्यात आवाज असेल तेव्हा. पहिले उत्तर दुसऱ्यावाचून अपुरे आहे, आणि जग मुख्यतः पहिलेच वाचत आले.

*

१५२७ च्या मे महिन्यात फ्लॉरेन्सने मेडिचींना पुन्हा हाकलले. मधल्या काळात मॅकियाव्हेलीने मेडिचींसाठी फ्लॉरेन्सचा इतिहास लिहिला होता. नव्या प्रजासत्ताकाने त्याला जुने पद दिले नाही. २१ जूनला तो वारला. पुढच्या वर्षी त्या प्रजासत्ताकाने पूर्वी टाळलेली गोष्ट केली : शहरातल्या नागरिकांच्या हाती शस्त्रे दिली. १५२९ च्या ऑक्टोबरपासून सम्राट आणि पोप यांच्या फौजांनी शहराला वेढा घातला, तेव्हा फ्लॉरेन्स सुमारे दहा महिने झुंजले. प्रातो एका हल्ल्यात पडले होते. हे शहर उपासमार आणि साथ सोसत उभे राहिले. अखेर घात केला तो मालातेस्ता बाल्योनी या भाड्याने आणलेल्या सेनापतीने. त्याने तोफा शहराकडेच वळवल्या. भाडोत्री सैन्याविषयीचा मॅकियाव्हेलीचा इशारा असा खरा ठरला. नागरिकांनी आपल्या राज्यासाठी काय सोसले, तेही त्या दहा महिन्यांत दिसले.

शहर जिंकून मेडिचींची सत्ता परत आणणारा पोप क्लेमेंट सातवा स्वतः मेडिची होता. त्याच्याच परवानगीने १५३१ मध्ये ‘डिस्कोर्सेस’ आणि १५३२ मध्ये ‘प्रिन्स’ छापले गेले. १५५९ मध्ये चर्चने मॅकियाव्हेलीची सगळी पुस्तके निषिद्ध ठरवली. राज्यकर्त्यांनी ‘प्रिन्स’ वाचायचे सोडले नाही आणि त्यांनी त्यातून काय उचलले, ते त्याच्या नावाच्या विशेषणात साठले आहे. बोर्जाच्या हाती अखेरीस काय उरले, ही गोष्ट मात्र पुस्तकात होती तिथेच आहे. सत्ता मिळवायची युक्ती शोधत येणाऱ्याला ती लागत नाही. ज्यांच्यावर सत्ता चालते त्यांनी ती वाचायला हवी.