कोलचे रविवार आणि बेलची गोष्ट

147573952589676412927. म्हणजे 2 चा 67 वा घात, वजा 1. गणितात संशोधन करायचा विचार असेल तर या संख्येची गोष्ट तुमच्या कानावर कधी ना कधी येणारच. ऑक्टोबर 1903, न्यूयॉर्क, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी जातात, चकार शब्द न बोलता 2 चा 67 वा घात काढतात, 1 वजा करतात. मग बाजूला 193707721 गुणिले 761838257287 करून दाखवतात. उत्तर तेच! टाळ्या, आणि कोल जागेवर.

ही गोष्ट पसरली एरिक टेंपल बेल यांच्या 1951 च्या ‘मॅथेमॅटिक्स: क्वीन अँड सर्व्हंट ऑफ सायन्स’ या पुस्तकामुळे. बेल लिहितात झकास. पण 1903 मध्ये ते कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डला शिकत होते, तेव्हा फळ्याचा प्रसंग ऐकीवच धरायला हवा. अवयव शोधायला ‘तीन वर्षांचे रविवार’ लागले, हे मात्र 1911 मध्ये खुद्द कोलनी आपल्याला सांगितलं असं ते लिहितात.

पण माझी तक्रार वेगळी आहे. या गोष्टीत गुणाकार दिसतो, शोध दिसत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस तीन वर्षं नुसता भागाकार करत बसला.

जरा हिशेब करून बघा. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव 134 च्या पटीपेक्षा 1 ने जास्तच असावा लागतो, शिवाय त्याला 8 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 7 उरावी लागते. आपला 193707721 म्हणजे 134 गुणिले 1445580, अधिक 1. 8 ने भागून बाकी 1. (दुसऱ्या अवयवाची बाकी 7. करून बघाच.) म्हणजे ओळीने जायचं तर तिथवर सुमारे 7 लाख उमेदवार. 3, 5, 7 ने भाग जाणारे गाळले तरी दर रविवारी दोनेक हजार भागाकार, तेही 21 अंकी संख्येचे, हाताने. कसं जमणार? कोलनी क्वाड्रॅटिक रेसिड्यू वापरून ही यादी आणखी आवळत नेली. खरं काम ते, आणि बेलच्या फळ्यावर नेमकं तेच नाही.

पुढे गोष्ट सांगणाऱ्यांनी आणखी एक घोळ घातला: कोलनी मर्सेनला खोटं पाडलं म्हणे. 1644 च्या मर्सेनच्या यादीत 67 होता हे खरं. पण ही संख्या मूळ नाही हे ल्यूकासनी 1876 मध्येच दाखवलं होतं, तेही एकही अवयव न शोधता! ‘अवयव आहेत’ हे कळणं आणि ते हातात येणं, यांत 27 वर्षं गेली.

कोलचा लेख त्याच वर्षी सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आला, ‘ऑन द फॅक्टरिंग ऑफ लार्ज नंबर्स’. छोटासाच आहे. बेलच्या आधी तो वाचा, पेन्सिल घेऊन.