सॉरॉनच्या बोटातला आयरिश शब्द

टॉल्किनच्या कल्पित भाषांचा विषय निघाला की आपण सहसा एक यादी म्हणून मोकळे होतो: क्वेन्या फिनिशवरून, सिंडारिन वेल्शवरून. यादी बरोबरच आहे. पण 'वरून' म्हणजे नेमकं काय उचललं, ते आज पाहू.

फिनिशमध्ये जहाज म्हणजे 'लाइवा', आणि 'जहाजात' म्हणायचं तर 'लाइवास्सा'. क्वेन्यात जहाज म्हणजे 'किर्या' आणि 'जहाजात' म्हणजे 'किर्यास्से'. शब्द उचललेला नाही. प्रत्यय लावायची रीत आणि त्याचा नाद उचललाय. आपल्या कानाला यात फार नवल नाही, आपणही 'जहाजात' असंच म्हणतो. इंग्रजी वाचकाला मात्र हे दूरच्या जगातलं वाटतं, आणि टॉल्किनसमोर तोच वाचक होता. सिंडारिनची करामत आम्हाला त्याहून आवडते. वेल्शमध्ये मेंढी 'दावाद', मेंढ्या 'देवाइद'. सिंडारिनमध्ये माणूस 'अदान', माणसं 'एदाइन'. अनेकवचन शब्दाच्या शेपटीला न लागता पोटात घडतं.

इथवर कौतुक. आता मॉर्डोरची काळी भाषा घ्या. रिव्हेंडेलच्या सभेत गँडाल्फ ती उच्चारतो तेव्हा एल्फ कान झाकून घेतात. पण तिचं व्याकरण उघडून बघा: अंगठीवरच्या लेखात एकाच क्रियापदाला 'करण्यासाठी', 'त्यांना', 'सगळ्यांना' असे अर्थ एकामागे एक प्रत्ययांनी चिकटवलेत. म्हणजे क्वेन्यात ज्या रीतीला आपण डौलदार म्हणतो, तीच ही. फरक फक्त ध्वनींचा, आणि ते कोणाच्या तोंडी दिलेत याचा.

अंगठीसाठी या भाषेत शब्द आहे 'नझ्ग'. आयरिशमध्ये 'नस्क' म्हणजे कडं, बंध. हा शब्द बहुधा नकळत तिथूनच आला असावा, असं टॉल्किनने स्वतःच 1967 च्या एका पत्राच्या मसुद्यात कबूल केलंय. गेलिकवर आपलं प्रेम नाही, ती कानाला लिबलिबीत लागते, तिच्यातला हा एक आखूड, टणक शब्द तेवढा मनात रुतून बसला, असा त्याचा खुलासा. बरं, मग नावडत्या भाषेतला तो शब्द गेला कुठे? लोरियनला नाही, थेट सॉरॉनच्या बोटात.

टॉल्किनने आपली आवडनिवड कधी लपवली नाही, त्यामुळे त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं आम्हाला पटत नाही. आमची तक्रार वाचकांशी आहे. एका माणसाच्या कानाची आवड आपण ध्वनींचा गुणधर्म समजून बसतो. आपल्या मालिकांत नायक प्रमाण मराठी बोलतो आणि गुंड किंवा गडी बोलीत बोलतो, तेव्हाही आपल्याला ते खटकत नाही, ते याच सवयीमुळे.

ड्वार्फांची खुझ्दुल आज बाजूला ठेवतो. तिचे धातू तीन व्यंजनांचे, घडण सेमिटिक, आणि ड्वार्फ पाहून ज्यूंची आठवण होते असंही टॉल्किन बोलून गेलाय. तिथे भाषेबरोबर माणसांचाही हिशेब मांडावा लागेल. तो पुढच्या व्याख्यानात.