चिमूटभर म्हणजे किती?

घरगुती औषधांच्या पुस्तिकांत हळद-दूध, आल्याचा रस, ओवा यांची रेलचेल असते. त्यांतले बरेचसे निरुपद्रवी. सर्दी आठवडाभरात आपोआप बरी होते आणि श्रेय काढ्याला मिळते! आमचा आक्षेप वेगळा आहे. जुलाबावर ‘चिमूटभर मीठ, चवीपुरती साखर’ एवढे लिहून या पुस्तिका मोकळ्या होतात. येथे तर मापच औषध आहे: १ लिटर उकळून गार केलेले पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम शोषले जाते व त्यांच्यामागे पाणी. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराचे रुग्ण वाचवले, ते ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा मोजून मिसळलेल्या पाण्यानेच. खोकल्यावर मध सुचवताना, एक वर्षाखालील बाळाला बोट्युलिझमच्या धोक्यामुळे तो देऊ नये, हेही आम्ही चाळलेल्या पुस्तिकांत गाळलेले दिसले. शिक्षकांनी वर्गात दहा मुलांची ‘चिमूट’ तराजूवर तोलून फळ्यावर आकडे मांडावेत.