बेडसे येथील ‘आरण्यक’

कार्ल्याच्या लेण्यांकडे लोटणारी गर्दी कामशेतजवळच्या बेडसे लेण्यांकडे क्वचितच वळते. तेथील शांततेची स्तुती करणारी प्रवासवर्णने चैत्यगृहासमोरील भव्य स्तंभांवरच्या प्राण्यांपाशी व स्वारांपाशी संपतात. बाहेरच्या लहानशा स्तूपाजवळील ब्राह्मी शिलालेख मात्र दुर्लक्षित राहतो. हा स्तूप गोभूती यांचा असून तो त्यांच्या अंतेवासीने, म्हणजे शिष्याने, करविला. गोभूतींना तेथे ‘आरण्यक’ व ‘पेंडपातिक’ अशी दोन विशेषणे आहेत.

पहिल्याच विशेषणावर थांबून लेणे म्हणजे लोकांपासून पलायन, असे अनुमान काढणे सोपे आहे. पण दुसरे विशेषण ते टिकू देत नाही. पेंडपातिक म्हणजे घरोघर फिरून मिळालेल्या भिक्षेवरच निर्वाह करणारा. विसुद्धिमग्गात आरण्यकाचा निवास गावापासून किमान ५०० धनुष्ये दूर सांगितला आहे, म्हणजे सुमारे एक किलोमीटर. रोज पायी जाऊन परतता यावे, एवढेच हे अंतर! शिवाय अरण्यवास सर्व भिक्खूंवर आजन्म लादावा, ही देवदत्ताची मागणी भगवंतांनी फेटाळली होती.

भिक्खू हा परिपूर्ण मानव की समाजसेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारला. बेडसेचा त्रोटक लेख त्याचे उत्तर देतो, असा दावा कोणी करू नये. परंतु हा प्रश्न मनात घेऊन येथे येणाऱ्याने स्तंभांइतकाच वेळ या ओळींना द्यावा; आणि पाण्याच्या टाक्यावरील लेखालाही, जेथे दात्री म्हणून महारठिनी सामडिनिकेचे नाव कोरले आहे.