खोपा कोणी विणला?

बहिणाबाई चौधरींची सुगरणीच्या खोप्यावरची कविता वर्गात कधीच शिकवली नाही, असा मराठी शाळेतला शिक्षक विरळाच. आम्हा खानदेशच्या लोकांना तर ती घरचीच वाटते. या कवितेवर रसिकांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही मात्र ती येथे विज्ञान शिकवणाऱ्याच्या नजरेने तपासणार आहोत, कारण एका सराव पाठाने आम्हाला ते करणे भाग पाडले.

धुळ्याजवळच्या एका खेड्यातील शाळेत जुलै महिन्यात एका छात्राध्यापिकेचा पाठ होता. निरीक्षक आम्हीच होतो. पाठ टाचण नेटके होते, तक्ता सुबक होता, चालीवर गायनही झाले. "सुगरण पिलांसाठी खोपा विणते" असे बाईंनी सांगताच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, आमच्या विहिरीवर खोपे आहेत. विणतो तो पिवळा पक्षी. दुसरा चिमणीसारखा आहे, तो नुसता येऊन बघतो." बाई क्षणभर अडखळल्या आणि म्हणाल्या, "पुस्तकात आहे तसे लिही." तास वेळेत संपला. आम्ही वर्गनियंत्रणाला चांगले गुण दिले.

घरी येताना ते गुण आम्हाला बोचू लागले. मुलगा बरोबर होता.

आधी पक्ष्याची गोष्ट पाहू. सुगरण पक्ष्याचा विणीचा हंगाम पावसाळ्यात येतो. त्या काळात नराचा माथा आणि छाती पिवळीधमक होते. मादी चिमणीसारखी मातकटच राहते. गवताच्या किंवा शिंदीच्या पानांच्या लांब पट्ट्या चोचीने फाडून आणणे, गाठ मारणे, विणणे ही बहुतेक सारी कामे नराची. एका खोप्यासाठी त्याला शेकडो खेपा घालाव्या लागतात. खोपा अर्धा झाला की तो उलट्या टोपीसारखा दिसतो. मध्ये एक आडवी पट्टी असते. या टप्प्यावर नर काम थांबवतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, पारखते. पसंत पडला तर नर अंडी ठेवण्याची खोली पुरी करतो आणि खाली लोंबणारी नळी विणतो. नापसंत झालेला अर्धा खोपा तसाच लटकत राहतो. आतली शेवटची सजावट, अंडी उबवणे आणि पिलांचे बहुतेक संगोपन मात्र मादी करते. डॉ. सलीम अली यांनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीम येथे एका वसाहतीवर चिकाटीने नजर ठेवून हा क्रम नोंदवला. तो पुढच्याच वर्षी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

आता कवितेकडे वळू. कवितेत खोपा विणणारी मादी आहे. इतकेच नव्हे, तिचा जोडीदार नर बावळा असल्याचाही शेरा आहे. म्हणजे जो सारे विणतो त्याचे श्रेय तर गेलेच, वर त्याला नावही ठेवले गेले. ही चूक आहे, आणि ती चूक आहे असे म्हणायला शिक्षकाने कचरू नये.

पण एवढे म्हणून थांबणारा समीक्षक अर्धाच. 1880 साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर काम करता करता त्यांनी गाणी रचली. घरच्यांनी ती टिपून ठेवली, आणि 1951 मध्ये त्या गेल्यानंतर 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. या बाईंची नजर किती बारीक होती, हे याच कवितेत दिसते. खोपा टांगलेला असतो, त्यामुळे तो झोके घेतो. विणणाऱ्याजवळ हत्यार एकच, इवलीशी चोच. आणि दोन हात, दहा बोटे असलेल्या माणसाने त्यापुढे आपले कसब तपासून पाहावे. ही तिन्ही निरीक्षणे जशीच्या तशी खरी आहेत. कवितेचा कणा त्यांच्यावर उभा आहे, नर की मादी यावर नाही.

मग एवढ्या जागरूक डोळ्यांना नर कसा दिसला नाही? आम्हाला दोन कारणे संभवतात. पहिले भाषेचे. आपण या पक्ष्याला 'सुगरण' म्हणतो. स्वयंपाकात आणि घरकामात तरबेज बाईला हाच शब्द आहे. म्हणजे निवाडा कवितेच्या आधी शब्दानेच करून टाकला होता. दुसरे अनुभवाचे. बहिणाबाईंनी भोवती पाहिलेले घर बाईच्या कष्टावर उभे होते. पक्ष्याच्या रूपाने त्या खानदेशातल्या राबणाऱ्या बाईविषयी बोलत आहेत, आणि त्या अर्थाने कविता खोटी नाही. 'घरोट' ही त्यांची कविता याच जोडीला वाचावी. जात्यातून पीठ पडावे तसे पोटातले गाणे ओठांवर येते, ही उपमा ज्या बाईला सुचली तिने घरटेही घरातूनच पाहिले, यात नवल नाही.

आमची खरी तक्रार कवितेविरुद्ध नाही, ती आमच्या प्रशिक्षणाविरुद्ध आहे. 'सृजनशीलता' हा शब्द आम्ही अभ्यासक्रमात लिहितो आणि ती रंगीत तक्त्यात, कागदी फुलांत, चालीवरच्या गायनात शोधतो. त्या दिवशी वर्गात सर्वांत सृजनशील कृती एकाच मुलाने केली होती. त्याने स्वतःच्या विहिरीवरचा पक्षी पुस्तकातल्या पक्ष्याशेजारी ठेवून पाहिला. त्याला आम्ही खाली बसवले. जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून कवयित्री बहिणाबाईंचे नाव आहे. पण डोळ्यांनी पाहिलेले स्वतःच्या शब्दांत सांगण्याची त्यांची रीत वर्गात आली नाही, तर नुसते नाव काय कामाचे?

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या छात्राध्यापिकेला आमची चूक सांगितली. ती संकोचली नाही. मुलाला बरोबर घेऊन ती त्या विहिरीवर गेली आणि सुट्टीच्या दिवशी जात राहिली. बाभळीवरच्या प्रत्येक खोप्याला तिने आकडा दिला आणि वहीत तीनच रकाने आखले: खोपा कितवा, कोण आले, काय केले. पहिल्याच दिवशी मुलाने तिला कोड्यात टाकले: "पिवळा तो नरच, हे कशावरून?" रंगावरून, हे उत्तर पुरेसे नाही, रंग नराचा हे तरी कोणी ठरवले? शेवटी दोघांनी ठरवले, की अंड्यांवर कोण बसते ते पाहायचे. खोप्याला हात न लावता, लांबूनच. वारंवार आत जाऊन बराच वेळ बाहेर न येणारा पक्षी मातकट निघाला. सलीम अलींचा लेख दोघांपैकी कोणीही वाचलेला नव्हता.

शिक्षकमित्रांनी ही कविता जरूर शिकवावी, आणि जमल्यास पावसाळ्यातच. आधी गावी, मग वर्ग विहिरीकाठी न्यावा; कठड्यापासून मुले दूर राहतील एवढी काळजी घ्यावी. पाहून आल्यावर मुलांना दोन प्रश्न विचारावेत: कवितेतले काय खरे ठरले? काय वेगळे दिसले? उत्तरे पुस्तकाशी जुळली नाहीत तरी गुण कापू नयेत. मग नर विणकराच्या बाजूने एक गाणे मुलांनाच रचू द्यावे. त्यात बहिणाबाईंचा अनादर नाही. जे पाहिले ते गाण्यात आणायचे, हे त्यांनीच शिकवले आहे.

त्या सराव पाठाचे गुण आता बदलता येत नाहीत. पण ती वही आम्ही मागून घेतली आहे. नव्या तुकडीला पाठ निरीक्षण शिकवताना पहिल्या दिवशी तीच वाचून दाखवतो.