अँटिगनीची दोन उत्तरे

सॉफोक्लीझच्या 'अँटिगनी'मध्ये (इ. स. पू. सुमारे 441) आज्ञाभंगाचे कारण नायिका दोनदा सांगते, आणि ही कारणे एकमेकांशी जुळत नाहीत. क्रेऑनसमोर ती देवांच्या अलिखित नियमांचा आधार घेते; मृताला मूठमाती देणे हे कर्तव्य राजाज्ञेहून श्रेष्ठ होय. मृत्यूच्या वाटेवर मात्र ती म्हणते की, पतीसाठी वा अपत्यासाठी आपण हे केले नसते. ती पुन्हा लाभू शकतात, आईवडील निवर्तल्यावर भाऊ लाभत नाही. म्हणजे नियमाची सार्वत्रिकता तीच मोडते. हा उतारा प्रक्षिप्त ठरावा, अशी इच्छा गटेने 1827 मध्ये एकरमानजवळ व्यक्त केली. ॲरिस्टॉटलने मात्र 'ऱ्हेटरिक'मध्ये तो निःशंकपणे उद्धृत केला आहे. गटेची अस्वस्थता समजण्याजोगी असली, तरी तिचा उगम संहितेत नाही. विरोधकाने तत्त्वनिष्ठच असावे, या वाचकाच्या अपेक्षेत आहे.

तत्त्वाची जाण हाच विरोधाचा उगम मानला, तर इस्मीनीचे काय करायचे? तोच वंश, तोच शाप, तोच भाऊ. कर्तव्य तिलाही मान्य आहे. आपण अगतिक आहोत म्हणून ती मृतांची क्षमा मागते. दोघी बहिणींत भेद आहे तो ज्ञानाचा नव्हे. अँटिगनीचा निश्चय नाटक सुरू होण्यापूर्वीच झालेला असतो. कारणे मागाहून येतात, म्हणूनच ती बदलू शकतात. पुढे इस्मीनी मरणात वाटा मागते, तेव्हा अँटिगनी तो कठोरपणे नाकारते. न केलेल्या कृतीत बहिणीलाही भागी करून घ्यायला ती तयार नसते.